नाव नको, पत्ता सांगा: संगणकातली अनोळखी सिस्टिम फाइल कशी तपासायची

रविवारी सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका, काखेत लॅपटॉप. "अगं, जरा बघतेस का? गणपतीच्या वर्गणीची नोटीस टाइप करायचीय आणि मराठी येतच नाहीये. व्हायरस तर मी काल रात्रीच काढला."

कुठला व्हायरस, असं विचारल्यावर काकांनी डायरी उघडली. निवृत्त बँकवाले, सगळं लिहून ठेवतात. लॅपटॉप महिनाभर रखडत चालत होता म्हणून त्यांनी टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी खिडकी, उघडली. त्यात 'सीटीएफ लोडर' असं नाव दिसलं. कधी ऐकलेलं नाही, आपण टाकलेलं नाही, आणि लोडर म्हणजे गुपचूप काहीतरी लोड करणारच. मग एक व्हिडिओ सापडला. त्यात सांगितल्याप्रमाणे फाइलची मालकी विंडोजकडून स्वतःकडे घेतली, परवानग्या बदलल्या आणि त्या लोडरची फाइल, सीटीएफमॉन.ईएक्सई, उडवली. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला.

सीटीएफमॉन ही मायक्रोसॉफ्टचीच फाइल. कीबोर्डच्या भाषा आणि मजकूर टाइप करण्याच्या सोयी तिच्याकडे असतात. ती गेल्याबरोबर खालच्या कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह गेलं, स्टार्टच्या शोधपट्टीत एक अक्षर उमटेना. ज्या फाइलच्या जिवावर काका मराठी लिहीत होते, नेमकी तिलाच त्यांनी चोर समजून हाकललं होतं. चोर होता खरा, पण तो त्याच फोल्डरमध्ये, जरा खालच्या बाजूला आरामात बसला होता. त्याच्याकडे येतेच.

मी हिंजवडीत एका कंपनीच्या डेस्कटॉप सपोर्टला आहे. "ही फाइल कसली? उडवू का?" हा प्रश्न मला कामावर येतो, सोसायटीत येतो आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतो. म्हणून मी स्वतः ज्या क्रमानं बघते तो क्रम इथे लिहून ठेवते. विंडोज १० आणि ११, दोन्हींना तो लागू पडतो.

आधी काहीही उडवू नका

घाबरून चांगली फाइल उडवण्याची परंपरा जुनी आहे. २००१मध्ये एक ईमेल जगभर फिरला होता, की सल्फएनबीके.ईएक्सई नावाची फाइल सापडली तर ताबडतोब काढा, तो व्हायरस आहे. २००२मध्ये तसाच दुसरा आला, जेडीबीजीएमजीआर.ईएक्सईबद्दल. या फाइलचं चिन्ह करड्या रंगाचं टेडी बेअर होतं, त्यामुळे लोकांचा पटकन विश्वास बसला. सिस्टिम फाइलला कोण अस्वल लावेल? पण लावलं होतं मायक्रोसॉफ्टनंच. दोन्ही फाइली खऱ्या होत्या. व्हायरस कुठेच नव्हता. लोकांनी एकमेकांना सांगून स्वतःच्या हातानं विंडोजचे तुकडे काढले. आज ईमेलची जागा व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डनं घेतली, एवढाच फरक.

अँटिव्हायरसही चुकतो. एप्रिल २०१०मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अस्सल फाइल व्हायरस ठरवली. असंख्य ऑफिसांतले संगणक त्या दिवशी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिले.

त्यामुळे पहिलं काम डिलीट नाही, एंड टास्कही नाही. सीएसआरएसएस सारखी विंडोजच्या गाभ्यातली प्रक्रिया जबरदस्तीनं बंद केली तर विंडोज कोसळून निळा पडदाच येतो. पहिलं काम नोंद. फाइलचं पूर्ण नाव, ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे, आकार किती, तारीख काय. मोबाइलवर फोटो काढा, झालं.

नोंदीच्या आधी एक सेटिंग बदला. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, आणि तिथे 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक. विंडोज १०मध्ये ही टिक वरच्या व्ह्यू टॅबमध्येच मिळते. विंडोज मुळात शेवटची तीन-चार अक्षरं लपवून ठेवतं. त्यामुळे 'लाइटबिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल तुम्हाला 'लाइटबिल.पीडीएफ' दिसते आणि तुम्ही बिल समजून प्रोग्राम चालवता. ही सोय मायक्रोसॉफ्टनं कुणासाठी ठेवली आहे ते मला अजून कळलेलं नाही.

लपलेल्या फाइली दाखवायला लागलात की काही नावं हमखास घाबरवतात. पेजफाइल.सिस आणि हायबरफिल.सिस या सी ड्राइव्हच्या मुळाशी असतात आणि कित्येक जीबी खातात. पहिली मेमरी अपुरी पडली की वापरायची, दुसरी हायबरनेटसाठी. डेस्कटॉप.आयएनआय ज्या फोल्डरमध्ये असते त्याच्या दिसण्याची नोंद ठेवते. या तिघींच्या वाटेला जाऊ नका.

नाव वाचा, पण अक्षर न् अक्षर

नकली फाइल बहुधा खऱ्याच्या नावाजवळचं नाव घेते. एसव्हीसीहोस्टमधली व्ही आणि सी उलटसुलट केलेली असतात, किंवा ओच्या जागी शून्य असतो. सगळ्यांत बेमालूम सोंग एलएसएएसएसचं. ही फाइल लॉगिन आणि पासवर्ड सांभाळते. तिचं पहिलं अक्षर लहान एल. त्याजागी कॅपिटल आय टाकला तर पडद्यावर दोन्ही उभी दांडीच दिसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. नाव कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट करा, ते निवडा आणि शिफ्ट धरून एफ३ दाबत राहा. सगळी अक्षरं लहान झाली की आयच्या डोक्यावर टिंब येतं आणि सोंग उघडं पडतं.

एसव्हीसीहोस्ट एकाच वेळी साठ-सत्तर दिसतात म्हणून लोक हादरतात. ते साहजिक आहे. ही फाइल म्हणजे विंडोजच्या सेवांची धर्मशाळा. पूर्वी एका खोलीत अनेक सेवा राहत. २०१७च्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सेवांना वेगळी खोली मिळते. एक सेवा पडली तर बाकीच्या पडू नयेत म्हणून. संख्या बघून काहीच ठरत नाही.

खरं सांगायचं तर नाव बरोबर निघालं तरी काहीच ठरत नाही. नाव कुणीही लावू शकतं. दारात येऊन कुणी "महापालिकेतून आलोय" म्हणालं तर आपण लगेच आत घेतो का?

पत्ता

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डिटेल्समध्ये जा, संशयित नावावर राइट क्लिक करा, 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. जो फोल्डर उघडेल तोच पत्ता. वरच्या पट्टीवर क्लिक केलं की तो पूर्ण दिसतो.

एसव्हीसीहोस्ट, एलएसएएसएस, सीएसआरएसएस, विनलॉगऑन, सीटीएफमॉन, रनडीएलएल३२ या मंडळींचं घर सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२. एक्सप्लोरर.ईएक्सई मात्र एक मजला वर, थेट विंडोज फोल्डरमध्ये राहते. एक्सप्लोरर सिस्टिम३२मध्ये दिसली किंवा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये दिसली, तर ती नकली धरा.

शेजारी सिसवॉव६४ नावाचा फोल्डर दिसेल. त्यात बऱ्याच फाइलींची जुळी भावंडं असतात. तेही खरं घर आहे. गंमत अशी, की सिस्टिम३२मध्ये ६४ बिटवाल्या फाइली असतात आणि सिसवॉव६४मध्ये ३२ बिटवाल्या. जुने प्रोग्राम बिघडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवलं आणि घोळ कायमचा झाला. विनएसएक्सएस फोल्डरमध्येही प्रती सापडतील. तो विंडोजचा कोठीघर आहे, दुरुस्तीचं सामान तिथूनच येतं. ड्रायव्हरस्टोअरमध्ये आवाज, ग्राफिक्स, प्रिंटर यांचे ड्रायव्हर असतात. रिअलटेकच्या आवाजाच्या फाइलीबद्दल मला महिन्यातून एकदा तरी फोन येतो.

आता संशयाच्या जागा. सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, आणि त्यात रोमिंग किंवा लोकल, टेम्प फोल्डर, युजर्समधला पब्लिक, प्रोग्रामडेटा. या जागी लिहायला ॲडमिनची परवानगी लागत नाही किंवा सहज मिळते, म्हणून व्हायरस तिथे बिऱ्हाड करतात. विंडोजच्या फाइलीचं नाव आणि ॲपडेटाचा पत्ता अशी जोडी दिसली की माझ्यापुरता निकाल लागला. पण नुसता ॲपडेटा म्हणजे गुन्हा नव्हे. झूम, व्हीएस कोडसारखे भले प्रोग्रामही तिथे राहतात.

आपल्याकडचा एक खास प्रकार. घरात कुणी सीए असेल, किंवा सोसायटीचं ऑडिट, जीएसटी यासाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर ईपास, प्रॉक्सकी, ईएमसाइनर अशा नावांचे प्रोग्राम लॅपटॉप सुरू होताच चालू होतात. दिसायला अनोळखी, पण तुम्हीच टाकलेले. मार्च अखेरीला हे कुणी उडवलं तर काय होतं, ते मी बघितलंय.

आणि उलट बाजू: सिस्टिम३२मध्ये आहे म्हणून फाइल सोवळी ठरत नाही. ॲडमिनची परवानगी एकदा मिळाली की कुणीही तिथे काहीही ठेवू शकतं. म्हणून पुढची पायरी.

सही

फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. 'डिटेल्स' टॅबमध्ये कंपनीचं नाव 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' दिसलं की बरेच जण निर्धास्त होतात. होऊ नका. तो नुसता मजकूर आहे, प्रोग्राम बनवणारा तिथे काहीही लिहू शकतो. बघायचा तो 'डिजिटल सिग्नेचर्स' टॅब. त्यात सही करणाऱ्याचं नाव निवडून डिटेल्स दाबलं की सही ठीक आहे की नाही ते कळतं. ही सही खोटी करणं फार अवघड, कारण फाइलचा एक बाइट जरी बदलला तरी ती मोडते.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात चांगले चांगले पडतात. विंडोजच्या कितीतरी अस्सल फाइलींना हा टॅबच नसतो! साध्या नोटपॅडचं उदाहरण घ्या. सिस्टिम३२मधल्या नोटपॅडच्या प्रॉपर्टीज उघडा, टॅब दिसणार नाही. कारण मायक्रोसॉफ्ट प्रत्येक फाइलवर वेगळी सही करत बसत नाही. हजारो फाइलींच्या ठशांची एक यादी असते, तिला कॅटलॉग म्हणतात, आणि सही त्या यादीवर असते. हजेरीपटावर मुख्याध्यापकांची सही असते, प्रत्येक मुलाच्या हातावर नसते, तसं.

मग तपासायचं कसं? विंडोजमधलं पॉवरशेल, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करून घ्यायची खिडकी, कॅटलॉगही बघतं. आधी फाइलवर राइट क्लिक करून 'कॉपी ॲज पाथ' करून घ्या. विंडोज १०मध्ये त्यासाठी राइट क्लिक करताना शिफ्ट दाबून ठेवावा लागतो. मग स्टार्टवर राइट क्लिक करा आणि टर्मिनल किंवा पॉवरशेल उघडा. इंग्रजीत गेट, लगेच हायफन, लगेच ऑथ अशी सुरुवात टाइप करा आणि टॅब दाबा. 'गेट-ऑथेंटिकोडसिग्नेचर' ही आज्ञा पुरी होईल. एक जागा सोडून पत्ता पेस्ट करा, एंटर. 'स्टेटस'खाली 'व्हॅलिड' आलं तर सही जुळली. 'नॉटसाइन्ड' आलं आणि फाइल स्वतःला विंडोजची म्हणवत असेल, तर संशय पक्का होत चालला. 'हॅशमिसमॅच' म्हणजे सही झाल्यानंतर कुणीतरी फाइलमध्ये हात घातला आहे.

सही हा भक्कम पुरावा आहे, ब्रह्मवाक्य नाही. २०१७मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या खऱ्या सहीनिशी बाहेर पडली आणि तिच्या पोटात घातक कोड होता, कारण चोर थेट कारखान्यात शिरले होते. साधारण २३ लाख संगणकांवर ती पोचली. असं क्वचित घडतं, आणि घडलं तर घरबसल्या आपण काही पकडू शकत नाही.

ठसा घ्या, सत्तर जणांना विचारा

प्रत्येक फाइलचा एक ठसा निघतो, एसएचए-२५६ म्हणतात त्याला. ६४ आकडे-अक्षरांची ओळ. त्याच पॉवरशेलमध्ये गेट, हायफन, फाइलएच एवढं लिहून टॅब दाबा, पत्ता पेस्ट करा, एंटर. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर राइट क्लिकमधल्या 'सीआरसी एसएचए'मधूनही ठसा मिळतो, आज्ञा लिहायची गरज नाही.

आता व्हायरसटोटल उघडा. ही सेवा २००४मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२पासून गूगलची आहे. एका वेळी सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसांचं मत ती गोळा करून दाखवते. तिथे फाइल चढवण्याआधी 'सर्च'मध्ये ठसा टाका. कुणीतरी ती फाइल आधी तपासली असेल तर सगळा अहवाल लगेच समोर येतो, फाइल तुमच्या घराबाहेर जातही नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर लोकांनाही उतरवता येते. डीएलएल, म्हणजे प्रोग्रामांना लागणाऱ्या कोडची फाइल, चढवली तर बिघडत नाही. सभासदांच्या आधारकार्डांची एक्सेल चढवली तर बिघडतं.

अहवाल वाचायलाही थोडी सवय लागते. सत्तरपैकी एक-दोन लाल, आणि तीही कधी न ऐकलेली नावं, पुढे 'जेनेरिक' किंवा 'एमएल' असं काहीतरी: बहुतेक वेळा खोटा गजर. तीस-चाळीस लाल: विषय संपला. मधल्या आकड्यांवर मी दोन गोष्टी बघते. एक, ओळखीच्या इंजिनांपैकी किती जण बोलतायत. कॅस्परस्की, बिटडिफेंडर, मायक्रोसॉफ्ट, आणि आपल्या पुण्याची क्विक हील. कैलाश काटकरांचं दुरुस्तीचं दुकान आणि त्यातून १९९०च्या दशकात उभं राहिलेलं हे अँटिव्हायरस, याचा मला उगाचच अभिमान आहे. दोन, सगळे मिळून व्हायरसची एकच जातकुळी सांगतायत का.

आणि ठसा सापडलाच नाही तर? लोकांना वाटतं, नोंद नाही म्हणजे निर्दोष. उलट आहे. विंडोजची खरी फाइल कोट्यवधी संगणकांवर असते, ती आधी कुणीतरी तपासलेली असतेच. स्वतःला विंडोजची म्हणवणारी फाइल तिथे कुणाच्याच ओळखीची नसेल, तर मी तिच्याकडे जास्त बारकाईनं बघते.

तिला उठवतं कोण?

काही फाइली अस्सल, सहीच्या, घरच्या पत्त्यावरच्या असतात आणि तरी त्यांच्याकडून चोरी करवून घेतली जाते. रनडीएलएल३२, डब्ल्यूस्क्रिप्ट, पॉवरशेल या तिन्ही मायक्रोसॉफ्टच्याच. त्यांचं काम दुसऱ्याची फाइल चालवणं. व्हायरस यांच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. अशा वेळी खांदा तपासून उपयोग नाही, बंदूक बघायची.

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करा, 'सिलेक्ट कॉलम्स', आणि 'कमांड लाइन'वर टिक. आता रनडीएलएल३२च्या पुढे तो नेमकी कुठली डीएलएल चालवतोय ते दिसेल. ती सिस्टिम३२मधली असेल तर बहुधा ठीक. टेम्पमधली असेल तर वरची सगळी तपासणी त्या डीएलएलची करा.

हे सगळ्यात जवळून दिसतं ते पेन ड्राइव्हवर. सदाशिव पेठेत, अभ्यासिकांच्या आसपास, झेरॉक्सच्या दुकानात एमपीएससीच्या नोट्स प्रिंट करून आणल्या की पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट झालेले असतात, प्रत्येकावर छोटा बाण. नोट्स गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'टार्गेट'. तिथे फोल्डरचं नाव असायला हवं; त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट आणि पुढे कुठलीतरी .व्हीबीएस, म्हणजे स्क्रिप्टची, फाइल दिसेल. बंदूक ती. लपलेल्या फाइली दाखवण्याचं सेटिंग चालू करून, आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक थोड्या वेळापुरती काढून, खरे फोल्डर बाहेर कॉपी करा आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी दुकानात नोट्स ईमेल करा.

संगणक सुरू होताना आपोआप काय काय उठतं ते बघायला ऑटोरन्ससारखं दुसरं साधन नाही. सिसइंटर्नल्सचा हा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतो. ऑप्शन्समध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि सह्या तपासण्याची टिक लावा. यादी एकदम आटोपशीर होते. गुलाबी ओळ म्हणजे सहीचा पत्ता नाही, पिवळी म्हणजे नोंद आहे पण फाइल गायब. संशयित ओळ डिलीट करू नका, नुसती टिक काढा. चुकलात तर टिक परत लावता येते.

काकांच्या लॅपटॉपवर काय निघालं

सीटीएफमॉन परत आणणं सोपं होतं. शोधपट्टी बंद होती म्हणून स्टार्टवर राइट क्लिक करून ॲडमिन टर्मिनल उघडलं. मायक्रोसॉफ्ट सांगतं त्याप्रमाणे आधी विंडोजची दुरुस्ती करणारी डीआयएसएमची आज्ञा चालवली: डीआयएसएम, मग ऑनलाइन, क्लीनअप-इमेज, रिस्टोअरहेल्थ, या तिन्ही शब्दांच्या आधी तिरपी रेघ. ती संपल्यावर एसएफसी, एक जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाउ. पाऊण तास, दोन कप चहा. विंडोजनं कोठीघरातून फाइल काढून जागेवर ठेवली. डीएलएल फुकट देणाऱ्या साइटवरून फाइल आणण्याचा मोह अशा वेळी होतो. तो टाळा, तिथून काय येईल याचा भरवसा नाही.

मराठी आलं, पण लॅपटॉप रखडतच होता. ऑटोरन्समध्ये गुलाबी ओळ दिसली. सिस्टिम३२मध्ये एक डीएलएल, नावाची सुरुवात एसपीपीने, शेवट 'हूक'ने. याच नावाची, पण हूक नसलेली एक अस्सल फाइल विंडोजमध्ये असते; कंपन्यांमध्ये विंडोज ॲक्टिव्हेट करण्याच्या केएमएस या पद्धतीशी तिचा संबंध. हूक म्हणजे गळ. त्या अस्सल फाइलीच्या गळ्यात अडकून ही डीएलएल विंडोजला पटवते, की लायसन्स देणारा सर्व्हर सापडला. सही नाही. ठसा व्हायरसटोटलवर टाकला तर निम्म्याहून जास्त इंजिनं लाल, बहुतेकांचं म्हणणं 'हॅकटूल, केएमएस'.

"काका, विंडोज कुठे टाकून घेतलं?"

"मागच्या दिवाळीत फॉरमॅट केला ना. पाचशे रुपयात ऑफिससकट दिलं त्यानं."

दुकानाचं नाव लिहीत नाही. असं पाचशेचं काम करणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत.

मग डिफेंडर, विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, गप्प का बसला? हे प्रत्येकानं एकदा तरी बघावं: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खालच्या बाजूला 'एक्सक्लूजन्स'. पहारेकऱ्यानं जिकडे बघायचं नाही, त्या जागांची यादी. साध्या घरगुती संगणकावर ती रिकामी असते. काकांच्या यादीत तीन नोंदी होत्या, त्यातली एक अख्खा टेम्प फोल्डर. म्हणजे क्रॅकवाल्यानं, विनालायसन्स विंडोज टाकणाऱ्यानं, स्वतःसाठी दार उघडं ठेवलं आणि त्या दारातून आणखी कोण कोण आलं ते कळायला मार्ग नाही. हूकवाली डीएलएल स्वतः कदाचित फक्त लायसन्सची चोरी करत असेल. माझा आक्षेप त्या उघड्या दाराला आहे. त्याच लॅपटॉपवर सोसायटीचं नेटबँकिंग चालतं.

खोटी निघाली तर

आधी वायफाय बंद. मग बँक आणि ईमेलचे पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या संगणकावरून नाही. एक्सक्लूजन्स रिकामी करा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीतल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मधून डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच साधारण पंधरा मिनिटं तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला वेळ मिळत नाही. दुसरं मत हवं असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट साधनं आहेत. २०१७पासून ही सरकारी सेवा चालू आहे, आणि क्विक हीलचं साधनही तिथे मिळतं. खात्यातून पैसे गेले असतील तर तपासणी वगैरे बाजूला ठेवा आणि आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

पासवर्ड चोरणारं काही निघालं, किंवा काकांसारखं दार किती दिवस उघडं होतं ते माहीत नसेल, तर मी साफसफाईत वेळ घालवत नाही. फोटो, एक्सेल, पीडीएफ बाहेर काढते, एकही ईएक्सई बरोबर घेत नाही, आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेन ड्राइव्ह बनवून विंडोज नव्यानं टाकते.

"आणि लायसन्सचे पैसे?" काकांचा पहिला प्रश्न.

लॅपटॉप पालथा केला. खाली विंडोजचं फिकट झालेलं स्टिकर होतं. विंडोज ८पासून कंपनीनं विंडोजसह विकलेल्या लॅपटॉपची किल्ली त्याच्या मदरबोर्डमध्येच कोरलेली असते. हा लॅपटॉप विंडोजच्या होम आवृत्तीसह विकला गेला होता. दुकानदारानं त्यावर क्रॅक केलेली प्रो आवृत्ती चढवली. होम परत टाकलं, इंटरनेट जोडलं, आणि सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन'पुढे 'ॲक्टिव्ह' आलं. एक रुपया लागला नाही. काका बराच वेळ त्या स्टिकरकडे बघत बसले.

नोटीस सोमवारी संध्याकाळी लिफ्टपाशी लागली, शुद्ध मराठीत. वर्गणी पाचशे एक.